मीटिंगमध्ये म्हटलेलं ‘सरी’

दूध घ्यायला दार उघडलं तर शेजारच्या खांबावर लाल रंगाची फुली. दोन माणसं टेप लावून जिना मोजत होती. म्हणाली, "बिल्डिंग पाडायची आहे, अण्णा. तुमच्या कमिटीने सगळ्यांच्या वतीने बिल्डरला लिहून दिलंय."

मी चौथी शिकलेला माणूस. पण जयनगरात शिवणयंत्र चालवून हे घर घेतलं, कुणापुढे हात पसरला नाही. तसाच सेक्रेटरीच्या दारात जाऊन उभा राहिलो. पुण्याकडून आलेला, गोड बोलणारा.

"काका, असं काय करता? मीटिंगमध्ये तुम्हीच सरी म्हणालात की! सरी म्हणजे ठीक आहे. एवढं कन्नड येतं मला."

"तेवढंच येतं. आमच्या घरात समोरचा फार बोलायला लागला की सरी म्हणतात. म्हणजे ऐकलं बाबा, आता आवर."

"पण तिथे तुमचा होकार लिहिला गेलाय."

"तुम्हाला निवडलं ते पंप आणि लिफ्ट बघायला. माझं घर द्यायला नाही. माझ्या वाट्याची जमीन द्यायची तर सही माझी लागते. कमिटीची चालत नाही."

"बरोबर आहे," तो हसतच म्हणाला. "पण इथे एकटे राहाल, काका?"

तळमजल्यावरच्या अक्कांना गाठलं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच. म्हणाल्या, "तुम्ही सरी म्हणालात, म्हणून मीही तोंड उघडलं नाही, अण्णा. मग ते सही मागायला आले. केली."



अक्का आता होसकोटेला मुलीकडे राहतात. एकेका दाराला कुलूप लागत गेलं. लिफ्ट बंद पडली ती पडलीच. फुली मी टर्पेंटाइनने पुसली, तर दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा मोठी, आमच्या दाराच्या चौकटीवर. कोण काढतं, दिसत नाही. वर रिकाम्या घरात कुणीतरी भिंत ठोकत असतं, आमच्या ताटल्या थरथरतात. सेक्रेटरी अधूनमधून येतो, चौकशी करतो, कागद टेबलावर ठेवून जातो. मी सही केलेली नाही. करणार नाही.

आज बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, कॉफी टाकू का?"

जिन्यात पावलं वाजत होती, ती आमच्या दाराशी येऊन थांबली. ओठांवर आलेला शब्द मी गिळला आणि नुसती मान हलवली.