लालबुड्या

मी शिकलो तो सखूआत्यामुळे. तिला अक्षर येत नव्हतं, पण पाखरं सगळी ओळखीची होती. तिने शिकवलेलं 'लालबुड्या' हे नाव मी पाचवीत सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, "असले घाणेरडे शब्द घरी ठेवून येत जा." वर्ग हसला. पुढे मी पदवीधर झालो, पण ते हसू विसरलो नाही.

आता अंगणात करवंटीत पपईची फोड ठेवून मी, बायको आणि लेक असे आम्ही तिघं खिडकीशी बसतो आणि पुस्तकात बघून पक्षी ओळखतो. रविवारी तेच सर, आता थकलेले, भेटायला आले. तेवढ्यात करवंटीवर पाखरू उतरलं, शेपटीखाली लालभडक. लेकीने पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "आजोबा, नाव वाचा ना."

"लालबुड्या बुलबुल," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं, सर," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा वाचलं, मोठ्याने. बुलबुल निवांत खात होता. आपल्या नावाला कोण हसलं, याची पाखराला फिकीर नसते. माणसाला असते, तीस-तीस वर्षं.

सर गेल्यावर पत्र लिहिलं: "आत्या, तुझा शब्द पुस्तकात छापलाय. सरांकडून तो दोनदा वाचून घेतला. ते आता फार थकलेत. मला वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं. हे पत्र जो वाचून दाखवेल, त्यालाही तो शब्द मोठ्याने वाचायला लाव. लालबुड्या."