रांगेत चालणारी सात पिल्लं

सासूबाई गेल्या त्या वर्षी बायको माहेराहून त्यांची एकुलती कोंबडी टोपलीत घालून सुरतेजवळ भेस्तानला घेऊन आली. स्वभावाने वाघीण. तिच्या धाकाने आमच्या गल्लीतला कुत्रा पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहायला गेला, असं मी सांगतो आणि अजून कुणी खोटं पाडलेलं नाही.

नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा. कोंबडी म्हातारी झालेली, आणि तेवढ्यात ती अंडी उबवायला खुडूक बसली. बायको म्हणाली, "ही शेवटचीच वेळ. मन्ही मायनं बियाणं तुटायला नको." आईच्या कोंबडीचा वंश टिकावा म्हणून तिने अकरा अंडी मोजून दिली. अंगणातल्या टोपलीत खाली घालायला भुसा हवा होता. सुरतेत भुसा कुठला? मी कापडाच्या कारखान्यात लूमवरचा कामगार. कारखान्यातून टाकाऊ तारांचा, म्हणजे धाग्यांचा, गुंता पोतंभर आणला. नायलॉनचा, काचेसारखा लखलखीत. अशी गादी नवाबाच्या कोंबडीलाही मिळाली नसेल!

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. तिसऱ्या दिवशी कोंबडी त्यांना घेऊन अंगणात उतरली आणि माझी मती गुंग झाली. सात पिल्लं एका रांगेत चालत होती. पहिलं थांबलं की सगळी थांबत, एक पडलं की सातही पडत. उरलेली दोन मात्र वाट्टेल तिकडे हुंदडत होती.

मी कारखान्यात जाऊन ही शिस्त तासभर वर्णन केली. बाजूच्या लूमवरचा बीडचा गडी म्हणाला, "काय राव, पोलिसात भरती करा की त्यांना!"

घरी बायको रडकुंडीला आलेली. "शिस्त कसली अहो? सातांचे पाय गेलेत. ती दोनच धड आहेत!"

मला वाटत होतं, ती दोनच बिघडलेली आहेत. शेजारच्या अकोल्याच्या काकू म्हणाल्या, "नजर लागली, दुसरं काही नाही." मिरच्या जाळल्या. पिल्लं ठसकली तीही रांगेतच.

चौथ्या दिवशी शेवटचं पिल्लू उठेना. बायकोने ते माझ्या तळहातावर ठेवलं. पाय निळा पडलेला. मी बोट फिरवलं आणि बोटाला तार लागली. केसाहून बारीक, डोळ्याला न दिसणारी. बारा वर्षं तुटलेल्या तारा शोधून पोट भरणारा मी, आणि माझ्याच गादीतली तार सात पिल्लांच्या पायांत एकाला एक जोडत गुंडाळलेली मला दिसली नव्हती!

बायकोने माझ्याकडे एकदाच बघितलं.

मी लूमवरची छोटी कात्री घेऊन गुडघ्यांवर बसलो. कोंबडी माझं टक्कल टोचत राहिली, मी एकेक फास कापत राहिलो. सगळी सुटली. आणि सुटल्यावर? पुन्हा रांगेतच चालू लागली! दोन उनाड पिल्लंही मागे जाऊन उभी राहिली. आठवडाभर नऊ जणांची रांग. का, ते मला आजही कळलेलं नाही.

निळ्या पायाचं पिल्लू लंगडत वाढलं, त्याची कोंबडी झाली. म्हातारी कोंबडी गेली, त्यानंतर वर्षभराने ही लंगडी खुडूक बसली. बायको स्वतः शहराबाहेर, उसाच्या पट्ट्यातल्या चलथाणला जाऊन उसाचं पाचट घेऊन आली. ते टोपलीत पसरताना मी मदतीला हात पुढे केला.

"तुम्ही तिकडे उभे राहा," ती म्हणाली. "हात मागे बांधून."

मी राहिलो.