शेवटच्या जोडीचा अबोला

आमच्या धावण्याच्या क्लबात मला घेतलं ते पाय बघून नाही, तोंड बघून. धावण्यात माझी गती अशी, की रस्त्याच्या कडेनं चाललेली गायसुद्धा मला पुढे जाऊ द्यायला थांबत नाही. पण बोलण्यात मी थकत नाही. आणि गडचिरोलीत हिवाळ्याच्या अंधारात धावणाऱ्यांना न थकता बोलणारा माणूस लागतो.

आता कोणी विचारेल, गावात मैदान नाही का? आहे. पण पहाटे ते भरतीच्या पोरापोरींचं असतं. पोलीस भरती, वनरक्षक भरती. ती पोरं बाणासारखी सुटतात आणि "काका, बाजूले" म्हणत एकेका फेरीत आपल्याला दोनदा ओलांडतात. पोट सुटलेल्या माणसानं तिथे किती दिवस अपमान सोसायचा? म्हणून आम्ही वयस्कांनी गावाबाहेरचा, सागाच्या जंगलातून जाणारा डांबरी रस्ता धरला.

क्लबच्या प्रमुख म्हणजे जिल्हा परिषद शाळेत जन्मभर पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. गळ्यात शिट्टी अजून तीच. त्यांचे नियम थोडके होते. जोडीनं धावायचं, जोडीला एक बॅटरी, आणि शेवटच्या जोडीनं मोठ्यानं बोलत राहायचं. जनावराला माणसाचा आवाज लांबून आला की ते आपणहून आत सरकतं. आणि पुढच्यांनाही मागे वळून न बघता कळतं की मागचे आहेत. मागचा आवाज बंद झाला, की बाई शिट्टी मारणार आणि सगळे उलटे फिरणार.

शेवटची जोडी म्हणजे मी आणि माझी बायको. ती खरं तर पुढे जाऊ शकली असती. पण माझ्या रक्तात साखर निघाल्यापासून, मी धावायला जातो म्हणून चहाच्या टपरीवर बसत नाही ना, हे बघायला ती येऊ लागली आणि मग तिला गोडी लागली. मी धापा टाकत घराण्याच्या गोष्टी सांगायचो. माझे मामा शंकरपटाच्या शर्यतीसाठी बैल बघायला गेले आणि मामी पसंत करून आले, ही गोष्ट त्या रस्त्यावरच्या प्रत्येक सागानं ऐकलेली आहे. बायको शेजारून दुरुस्त्या करायची. "बैल नाई, गोऱ्हा होता." "मामी तवा घरी नोव्हतीच, धानाच्या बांधीत होती." पुढच्या जोडीत सायकल-टायरच्या दुकानाचे चाचा असायचे. ते न वळता ओरडायचे, "भाऊ, वहिनी सांगते तेच खरं धरून राह्यलो बरं आम्ही."

त्या वर्षी दिवाळीनंतर रस्त्यालगतच्या गावातली एक बाई गवत कापायला गेली आणि परत आली नाही. नाल्यावरच्या पुलापाशी जंगल खात्यानं वाघापासून सावध राहण्याचा फलक लावला. क्लब बंद करायचा का, यावर बाईंच्या अंगणात बैठक झाली. बाई एवढंच म्हणाल्या, "नियम पाळाचा असन तर या. नाई तर घरी निजा." आम्ही सगळे आलो. मरणाची भीती नव्हती असं नाही, पण आपण एकटेच घरी राहिलो तर बाकीचे काय म्हणतील, ही भीती थोडी मोठी होती.

आणि त्याच महिन्यात आमचा अबोला झाला.

माझ्या बायकोचं माहेर वडशाकडे. हिवाळ्यात तिकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक होतं. त्या दिवशी लेकी-जावयांना बोलावणं असतं, आणि जावयाची खुर्ची पहिल्या रांगेत. मेव्हण्यानं फोन केला. फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, "नाटक पहाटेलोक चालते. सकाळी आमची लांबची धाव आहे. नाटक का, दरसाल असते." हे वाक्य बोलून मी पाणी पिऊन वळतो तर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला होता. भांडी आदळली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या रात्री आम्ही गेलो नाही. जेवण वाढलं गेलं, वरणात मीठ बरोबर होतं, पण शब्द एकही नव्हता.

पहाटे मला वाटलं ती येणार नाही. पण ती बूट घालून दारात उभी होती. न येण्याचं कारण सांगायला बोलावं लागलं असतं, म्हणून आली असावी.

धुकं असं होतं की चौकातला दिवा कापसात गुंडाळल्यासारखा दिसत होता. निघालो. पहिलं वळण गेलं, तरी मागून आमचा आवाज येईना. चाचा मागे सरकले.

"काऊन भाऊ, आज रेडिओ बंद?"

"त्यांले विचारा," मी म्हणालो.

चाचांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "चाचाजी, त्यांले सांगा, बुटाची नाडी लोंबून राह्यली."

"भाऊ, नाडी," चाचा म्हणाले.

"सांगा, दिसली मले."

"वहिनी, दिसली म्हंते."

असं थोडा वेळ टपालखातं चाललं. मग चाचा वैतागले. "मी टायरवाला आहो, पोस्टमन नाई. तुमचं तुमी पाहा." आणि ते पुढे निघून गेले. पुढे त्यांनी बाईंना काय सांगितलं ते नंतर कळलं. बाईंनी विचारलं होतं, मागचा आवाज काऊन नाही, आणि चाचा म्हणाले होते, आज त्यांचं बोलणं बंद आहे, काळजीचं काही नाही. बाई हसल्या आणि शिट्टी त्यांनी तोंडाला लावलीच नाही. अख्ख्या क्लबानं आमच्या अबोल्याला सूट दिली होती.

मी मात्र शिट्टी वाजायची वाटच बघत होतो. ती वाजली असती तर सगळे परत फिरले असते, आणि परतताना गर्दीत कोणीतरी आम्हाला बोलतं केलं असतं. शिट्टी वाजली नाही. पुढच्यांच्या बॅटऱ्या धुक्यात विरघळल्या. त्यांचं बोलणं आधी पुसट झालं, मग नुसता पायांचा आवाज राहिला, मग तोही गेला. उरलो आम्ही दोघं आणि आमची एक बॅटरी. ती माझ्या हातात.

मी पुढे होतो, ती चार पावलं मागे. तिच्या उजव्या बुटाचा तळ थोडा सुटलेला होता, त्याचा चपचप आवाज येत होता. मी त्याच्यावर कान ठेवून धावत होतो आणि वळून बघत नव्हतो. वळून बघणं म्हणजे माघार, असा माझा त्या वेळचा हिशोब. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय चालतं ते बाहेरून दिसत नाही, हे एक बरं आहे.

पूल ओलांडला. नाल्याच्या बाजूनं चितळ भुंकलं. एकदा, मग लगेच पुन्हा. त्याच्यावर वानरानं खोकल्यासारखा आवाज काढला. वाघाची चाहूल लागली की ती असा इशारा देतात. माझे पाय आपोआप मंदावले, आणि तेव्हा लक्षात आलं की चपचप ऐकू येत नाही.

मी थांबलो. न वळता म्हणालो, "अवं."

उत्तर नाही.

आता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. रात्रीपासून उत्तर नव्हतंच. नाडी बांधायला थांबली असेल, आणि उत्तर न देणं हा तर अबोल्याचा धर्मच. मी स्वतःला हे सगळं नीट समजावलं. पण चितळ तिसऱ्यांदा भुंकलं. ती रागानं गप्प आहे की आणखी कशानं, हे मला सांगता येईना. इतक्या वर्षांत तिच्या गप्प राहण्याचे सगळे प्रकार मला ओळखता येतात अशी माझी समजूत होती.

मी वळलो आणि बॅटरी मागे मारली. समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली. धुक्यावर उजेड पडला की तो आपल्याच डोळ्यांत येतो. रस्ता नाही, पूल नाही, ती नाही.

"अवं," मी मोठ्यानं हाक मारली. "कुठी आहेस?"

धुक्याच्या पलीकडून तिचा आवाज आला. शांत होता. आजाऱ्याच्या खाटेजवळ बसून बोलावं तसा.

"अजी, तिथीच उभे राहा. इकडे येऊ नोका."

"काऊन?"

"तो मधात बसला आहे. रस्त्यावर. पुलाच्या अल्याड."

मला काहीच दिसत नव्हतं. मी बॅटरी खाली केली तशी ती म्हणाली, "नाई, तशीच धरा. तुमच्या उजेडानंच दिसून राह्यला मले." मग कळलं. मला जो उजेड आंधळा करत होता, त्याच उजेडावर तिला त्याची काळी आकृती दिसत होती. नाल्यातून वर आला असेल. थंडीत डांबर कोमट असतं, त्यावर येऊन बसला. मी तिथून नुकताच गेलो होतो. आमच्या दोघांच्या मधोमध, माझ्या बायकोकडे की माझ्याकडे तोंड करून, तेही मला माहीत नव्हतं.

"तोंड कोनाकडे आहे?"

ती म्हणाली, "बोला. काई बी बोला. मोठ्यानं."

मी बॅटरी दोन्ही हातांनी धरली. आणि मी, बोलण्यासाठी क्लबात घेतलेला माणूस, माझ्या तोंडात एक गोष्ट येईना. मामा आले, बैल आला, पुढे काही नाही. मी "हो, हो, बोलतो," एवढंच दोनदा म्हणालो.

"नाई सुचत तर मी बोलतो," ती म्हणाली. आणि तिनं आवाज चढवला. "भावानं काल दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. पयल्या रांगेत. रात्री वहिनीचा फोन आला होता मले. लोक उठवून राह्यले होते, तरी त्यानं देल्या नाई."

"मले का माहीत तो खुर्च्या धरन म्हणून?"

"माहीत नोव्हतं? फोनवर तुमीच बोलले नं त्याच्यासंग?"

"मी येतो असं नोव्हतो म्हटलो."

"येत नाई असं तरी म्हटलं का? पाहू म्हटलं तुमी. पाहू. तो बिचारा पाह्यत राह्यला पडदा उघडेलोक."

"मंग तू काऊन नाई सांगतलं मले?"

"कोनाले सांगू? तुमाले लांबची धाव होती."

असे आम्ही भांडलो. जंगलात, अंधारात, मधे वाघ बसवून, घसा फाटेपर्यंत. तिचा आवाज शेवटाला थोडा फाटायचा आणि ती तो पुन्हा उचलून धरायची. तो फाटला की मी लगेच काहीतरी उलट बोलायचो, ती गप्प होऊ नये म्हणून. मी जन्मात इतका मनापासून भांडलो नसेन. दर वाक्यानंतर मी तिच्या उत्तरासाठी कान टाकून थांबायचो, आणि उत्तर आलं की श्वास घ्यायचो.

मग लांबून शिट्टी. चाचांचा आवाज, आणि स्टीलच्या बाटलीवर दगड ठोकल्याचा. आमचं भांडण पुढे ऐकू गेलं होतं, आणि अबोल्यातली माणसं अशी ओरडत नाहीत हे बाईंच्या लक्षात आलं होतं. बॅटऱ्या माझ्या मागून गोळा होत आल्या. धुक्याच्या भिंतीत एक जागा पिवळसर झाली, उठली, लांब झाली. घाई नव्हती. नाल्याकडे खडे घरंगळले.

"गेला," ती पलीकडून म्हणाली.

बाईंनी कोणाला पळू दिलं नाही. सगळे एकमेकांना चिकटून, बाटल्या वाजवत पुलावर गेलो. ती पुलाच्या पलीकडे रस्त्याच्या मधोमध उभी होती, एका बुटाची नाडी सुटलेली. तिथून गाव येईपर्यंत ती अगदी नीट चालली. चाचांच्या डोळ्यांना धार लागली होती. "गलती माझी, वहिनी. मीच बाईले सांगतलं काळजी नको म्हणून," ते परत परत म्हणत होते, आणि ती त्यांचीच समजूत काढत होती.

गावाच्या तोंडाशी टपरीवर आम्ही बसलो तेव्हा उजाडलं होतं. चहा आला. तिनं कप उचलला आणि चहा तिच्या बोटांवरून, सलवारवर, बाकावर सांडायला लागला. तिला तो खाली ठेवता येईना की तोंडाला लावता येईना. मी तिच्या हातातून कप काढून घेतला.

इतका वेळ मनात होतं ते मी तेव्हा हळूच विचारलं. "पयल्या हाकेले ओ काऊन नाई देली?"

"पयल्या हाकेले राग होता," ती म्हणाली. "दुसऱ्या हाकेले तो दिसला."

चहा बशीत ओतला, फुंकला आणि बशी तिच्या ओठांपाशी धरली. बाई आणि चाचा दुसरीकडे बघत होते. ती दोन घोट प्यायली. मग म्हणाली, "भावाले फोन लावा. तुमीच बोला."

मी लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. रात्रभर नाटक बघितलेला माणूस, एवढ्या सकाळी कुठला उठतो. ती म्हणाली, "वाजू द्या." मी फोन कानाला धरून बसलो.