करदोड्याचा पेन ड्राइव्ह

नागनाथअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोळारच्या गोदामात बारदान मोजत होते. हातातली यादी पुरी केली, मगच खाली बसले... त्याला आता तीन आठवडे झाले.

अण्णा माझा मावसभाऊ. गोदामापासून तासाभराच्या वाटेवर, कमलनगरला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लोक करदोड्याला किल्ली बांधतात, हा पेन ड्राइव्ह बांधायचा. तीन वर्षांपूर्वी मी गोदामात नवीन लागले होते. दुसऱ्या दिवशी मालक हैदराबादहून माल तपासायला येणार, आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. सगळ्या मालाची यादी त्यात. घरच्या किराण्याच्याही दोन याद्या करणारी मी. नेमकी हिचीच दुसरी प्रत ठेवली नव्हती. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. यादी गेली की नोकरी गेली. मी अण्णाला बोलावलं.

तो जीपनं आला आणि सदरा वर करून करदोड्याची गाठ सोडू लागला. गोदामातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"हसू नगा अक्का, बिऱ्हाड हाय हे. आमचा आजा मेंढरामागं घोड्यावर बिऱ्हाड घालून फिरायचा, म्या कमरंला बांधून फिरायलोय."

पेन ड्राइव्ह लावला आणि बंद पडलेला कॉम्प्युटर उजळला. कॉम्प्युटर चालवणारं सगळं, पडद्याच्या मांडणीसकट, त्या बोटभर वस्तूतून येत होतं. आतल्या बिघाडाला त्यानं हातही लावला नाही. "ह्याचं घर पडलंय सुमे, जमिनीखाली पेवातलं धान्य तसंच हाय." यादी उघडली, पण धांदलीत माझा चष्मा घरी राहिला होता.

"कामून डोळे बारीक करायलीस? चष्मा यादीत लिवला न्हाई व्हय?"

त्यानं अक्षरं चांगली मोठी केली. मी ओळ न् ओळ तपासली, दोन प्रती छापून घेतल्या. नोकरी राहिली, ती आजही आहे.

शेवटच्या आंघोळीला करदोडा तोडतात. तेव्हा निघालेला पेन ड्राइव्ह वहिनीनं जपून ठेवला होता. परवा कमलनगरला गेले तेव्हा तिनं तो माझ्या हातावर ठेवला. दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला. अण्णाचा पडदा उघडला... अक्षरं त्या दिवशी माझ्यासाठी केली होती तेवढीच मोठी.

"बारीक करा म्हणलं तर ऐकायचे न्हाईत," वहिनी म्हणाली. "चार ओळीत पडदा भरायचा. म्हणायचे, ऱ्हाऊ दे, सुमी कवा बी येईल."

मी चष्मा काढून ठेवला आणि वाचत बसले.