जित्याची भेट

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत मी मोबाईलवर एक इंग्रजी मालिका बघत होतो. दोन जुने मित्र गुरांचा मोठा कळप घेऊन महिनोन् महिने घोड्यावरून चालले आहेत, अशी गोष्ट. शेजारी रिकामी पाटी पालथी घालून एक मासळीवाली बसली होती. तिने न विचारता माझ्या इअरफोनचं एक बोंड ओढून स्वतःच्या कानात घातलं, तोंड वाकडं केलं आणि परत दिलं. मग नुसतंच बघू लागली.

"एवडी गुरं, दूध कोन काढतं?"

"कुणी नाही. विकायला नेतायत."

"आन् ह्यो रडतो कशाला?"

"मित्र मेला त्याचा. शब्द दिला होता, म्हणून आता त्याचं प्रेत हजार मैल नेऊन पुरणार."

ती पदराला बोटं पुसत म्हणाली, "मयताला समदेच जातात, दादा. जित्याला बघाया कोन जातं?"

ते दोघे जन्मभर बरोबरच होते, हे मी तिला सांगणार होतो. पण मला माझीच गोष्ट आठवली. माझा शाळेतला मित्र वर्षभर अर्धांगाने म्हसळ्यात पडून आहे आणि मी दरवेळी त्याचा फाटा सोडून श्रीवर्धनला जातो. त्याला तसं पडलेलं मला बघवणार नाही, असं स्वतःला समजावतो.

बोट लागली. पाटी काखोटीला मारून ती सगळ्यांच्या आधी उतरली. मी धक्क्यावरूनच मित्राला फोन लावला.

"येतोय रे तुझ्याकडे. आत्ताच."

जड जिभेने त्याने विचारलं, "का रे, कोण गेलं?"