शेरेबुकातली दोन पाने

ट्रेनिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक लहान शाळा पाहून तिच्यावर निबंध लिहायचा असतो. बाकीच्यांनी नाशिकच्याच शाळा धरल्या. मी जव्हार संस्थान निवडले, कारण मामांचे स्नेही दाजीसाहेब तिथे शाळाखात्यात कारकून होते आणि जेवण्याराहण्याची सोय फुकट होत होती. उगाच मोठे कारण कशाला सांगू?

त्र्यंबकपर्यंत टांगा मिळतो. पुढचा घाट पायीच उतरावा. बैलगाडीत बसलात तर हाडे खिळखिळी होतात, आणि वर गाडीवान ऐकवतो, "तुमच्यासाठी हळू हाकली." मी मोखाड्याला मुक्काम केला. हे गाव इंग्रजी मुलखातले. बाजाराचा दिवस साधला तर शिधा इथेच घ्या, पुढे मीठसुद्धा मिळेलच असे नाही. डावीकडे सूर्यमाळचे डोंगर आश्विनात हिरवेगार दिसतात. उन्हाळ्यात तिथल्या बायका पाण्यासाठी कोसभर खाली उतरतात, असे बिऱ्हाडाच्या मालकाने सांगितले.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत जव्हार गाठले. सकाळी उठून गावाबाहेरचा शिरपामाळ पाहिला. वारा झकास, सावली नाही, टोपी विसरू नका.

जेवताना दाजीसाहेबांनी काम सांगितले. "यंदा दोन पाड्यांवरच्या शाळांपैकी एक मोडायची आहे. एकीचा शेरा आलाय. दुसरीकडे कुणी फिरकलेलं नाही. तू जा, दिसेल ते शेरेबुकात लिही. परका माणूस आहेस, वशिल्याचा आळ यायचा नाही."

वीस वर्षांच्या पोराच्या लेखणीवर शाळेचा निकाल! मला भात गोड लागला.

पाडा तीन कोसांवर. शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली, आत फळा, खुंटीला मास्तरांचा कोट, आणि माणूस एकही नाही. हजेरीपटावर मात्र बावीस मुले हजर. लबाडी पकडल्याच्या आनंदात मी दौत काढली, तेवढ्यात शेजारच्या अंगणात नागली पाखडणारी म्हातारी म्हणाली, "पोरां ढोरांमागं गेलीत. मास्तर बी त्यांच्याच संगं हाय. त्या टेपाडामागं जा."

टेपाडामागे गुरे चरत होती आणि काळ्या कातळावर शाळा भरली होती. मुले पांढऱ्या खड्यांनी कातळावरच लिहीत होती. एका मुलीने वाचता वाचता उठून गाय वळवली आणि परत येऊन त्याच ओळीवर बोट ठेवले. बावीस मुले मी स्वतः मोजली.

रामभाऊ मास्तर पन्नाशीचे, मूळचे वाडा तालुक्याकडचे. ते म्हणाले, "भात उभं आहे तोवर गुरं राखावीच लागतात, आणि ती पोरंच राखतात. कापणी झाली की ढोरं मोकळी सुटतात, मग आम्ही शाळेच्या खोलीत बसतो. चार महिने शाळा बंद ठेवण्यापेक्षा हे बरं."

मी मुलांची परीक्षा घेतली. वाचन आमच्या सरावशाळेइतकेच चांगले होते, हिशेब तर थोडे अधिकच. दुपारी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाल्ली. चटणी जपून घ्या, फार तिखट असते.

निघताना मास्तरांनी शेरेबुक पुढे केले. "एक विनंती आहे. 'मुले बावीस, वाचन बरे' एवढंच लिहा. रानाचं काही लिहू नका."

"अहो, तेच तर तुमचं कौतुक आहे."

"कौतुक तुम्हाला दिसतं. कागदावर शाळा म्हणजे अकराची घंटा आणि चार भिंती. माझं काय, बदली होईल. पोरांना दुसरी शाळा नाही."

मला ते भित्रेपणाचे वाटले. मी दोन पाने भरून लिहिले: कातळ, गुरे, ती मुलगी, सगळे. कापणीनंतर शाळा खोलीत बसते हेही लिहिले, पण शेवटी, एका ओळीत. मास्तरांनी वाचले, टीपकागदाने शाई टिपली आणि मला ओढ्यापर्यंत पोचवायला आले. वाटेत ते पावसापाण्याचे बोलले.

परतीचा घाट चढायला जड गेला. दोन्ही पायांना फोड आले.

दिवाळीनंतर दाजीसाहेबांचे पत्र आले. "तुझा शेरा बैठकीत वाचला. भाषेची वाहवा झाली. मग एकाने विचारले, शाळा रानात भरते तर खोली आणि मास्तर पोसायचे कशाला? शाळा मोडली. रामभाऊंची बदली झाली."

मास्तरांची समजूत भित्री नव्हती, माझी हौस आंधळी होती. त्याची मला लाज वाटते.

याच आठवड्यात निबंधांचा निकाल लागला. माझा पहिला आला. प्राचार्यांनी तो वर्गापुढे वाचायला लावला. गाय वळवून येणाऱ्या मुलीपाशी सगळे खूश होऊन हसले, शेवटी टाळ्या पडल्या. एकाने विचारले, "ही शाळा पाहायला जायचं तर कधी जावं?"

मी म्हणालो, "आश्विनात."