दिवाणाचा वास

लग्न होऊन मी लोहाऱ्याला आले, त्याच्या पुढच्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. सासरे गावातल्या दूध सोसायटीचे चेअरमन. दूधच आटलं, तशी सोसायटीत रोज भांडणं व्हायला लागली आणि ती भांडणं सासऱ्यांच्या अंगातून घरी यायची. आल्या आल्या काही ना काही फुटायचं. एकदा बरणी, एकदा आरसा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, त्या तुकडे गोळा करायच्या. माझा नवरा तहसीलात कारकून होता. तोही बापापुढं खालमानेनं जेवायचा.

त्याच दिवसांत सासऱ्यांनी बैठकीत एक दिवाण आणून ठेवला. सागवानी, वर कापसाची जाड गादी आणि मरून रंगाचं मखमली कापड. धाराशिवहून सोसायटीच्या कामाला साहेब येतात, त्यांना घोंगडीवर बसवायचं का, असं त्यांचं म्हणणं. घरातलं ते पहिलं फर्निचर. आमची जनावरं तेव्हा दुष्काळी चारा छावणीत होती. गोठ्यात गाईंच्या पोटाशी निजणारी आमची तांबूस कुत्री एकटी पडली होती. नवऱ्यानं ती पिल्लू असताना आणलेली, म्हणून तिला कुणी हाकललं नाही. ती घरात शिरली आणि एका दुपारी दिवाणावर चढून निजली.

सासरे दारातून आत आले ते काठी उगारूनच. कुत्री उठली नाही. कान पाडून, पोट वर करून तिथंच पडली आणि तिनं गादीवर मुतलं. मग जे झालं ते मला अजून ऐकू येतं. तिचं केकाटणं नव्हे, काठीचा आवाज. मऊ अंगावर काठी बसली की कसा बद्द आवाज येतो तो. मानेला धरून त्यांनी तिचं तोंड त्या ओल्यात घासलं. "परत करशील? परत करशील?" असं माणसाला विचारावं तसं विचारत होते.

परत झालं. आठवडाभरात परत, मग परत. दर वेळी मार वाढला. पाणी टँकरचं, घागर घागर मोजून मिळायचं, त्यातलं गादीवर ओतायचं कुठून? सासऱ्यांनी फिनेल ओतलं. बैठक सरकारी दवाखान्यासारखी झाली, आणि दोन दिवसांनी फिनेलच्या खालून मुताचा वास उग्र होऊन वर आला. मग रॉकेल. मग उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा. उन्हाचा तडाखा वाढेल तसा तो सगळा वास एकत्र शिजायचा. जेवताना घास उतरत नसे.

साहेब आले त्या दिवशी दिवाणावर धुतलेली चादर अंथरली होती. साहेब बसले, चहाची कपबशी हातात घेतली, नाक एकदा आक्रसलं आणि ते उठून खिडकीपाशी उभे राहिले. सोबतच्या माणसाला हसू आवरेना. सोसायटीचं बोलणं उभ्याउभ्याच संपलं.

साहेबांची जीप गेली आणि सासऱ्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली.

कुत्री चुलीमागं दडली होती. पहिला घाव तिच्या मागच्या पायावर बसला. दुसरा उगारला तेव्हा आत्या मधे आल्या, हात आडवा धरून. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. वाळलेली तुरकाटी मोडावी तसा. आत्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. सासरे पहार हातात घेऊन तसेच उभे. तोंडातून एवढंच आलं, "मधी कशाला आलीस?"

दवाखान्यात आत्यांच्या उजव्या हाताला प्लास्टर घातलं. चौथ्या दिवशी आत्यांनी मला सांगितलं, "पोरी, म्या भावाकडं तामलवाडीला जाते. कुत्रीला घिऊन जाते. हितं ऱ्हायली तर मरंल ती." एसटीत कुत्री घेईनात, म्हणून तिकडं निघालेल्या कडब्याच्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून दोघी गेल्या. एक हात गळ्यात बांधलेली बाई आणि तीन पायांवर उभी कुत्री. सासरे घरातून बाहेर आले नाहीत.

कुत्री गेली, वास राहिला. सासऱ्यांना वाटलं होतं, ती गेली की सुटका. तिसऱ्या दिवशी त्यांनी रागानं दिवाणाला अशी लाथ घातली की पायाचं नख निघालं. "ह्याला आग लावा," म्हणाले. मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढं तोंड उघडलं. "मामा, आग लावायच्या आधी मला उसवून बघू द्या."

मी मखमल उसवली. आतला कापूस पिवळा, गोळे गोळे झालेला. वरून जे ओतलं होतं त्यानं मूत आणखी खोल ढकललं होतं. भिजलेला कापूस उपसून उकिरड्यावर टाकला. राहिलेला अंगणात पसरला आणि काठीनं झोडला. त्याच काठीनं. हात दुखेपर्यंत झोडला, मनात आलं ते सगळं काढून झोडला. मखमल धुवायला एक घागर बाजूला ठेवली. पाण्यात शिरका, म्हणजे व्हिनेगर, घातला आणि कापड तासभर बुडवून ठेवलं. उरलेल्या पाण्यानं फळी पुसली. फळी वाळली, तसा तिच्यावर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवला आणि सकाळी झाडून काढला. तरी एका कोपऱ्यात वास होताच. तो कोपरा मी काचेच्या तुकड्यानं तासला, पांढरं लाकूड दिसेपर्यंत. मग कापूस, कापड आणि फळी चार उन्हं खाऊ दिली. सासरे येता-जाता बघायचे. एकदा वाकून त्यांनी फळीला नाक लावलं. "गेला की," म्हणाले आणि त्यांचा त्यांनाच राग आल्यासारखे निघून गेले.

दिवाण परत लागला, पण घर चालेना. भाकरी मी वेळेवर वाढायची, तरी ते ताटावरून उठून जायचे. शेवटी म्हणाले, "चल, तुझ्या सासूला आणू." आम्ही एसटीनं तामलवाडीला गेलो.

आत्या भावाच्या अंगणात बाजेवर बसलेल्या. कुत्री त्यांच्या पायाशी. पाय वाकडा जुळला होता, पण अंग भरलं होतं. आत्यांचा भाऊ सांगत होता की इथं आल्यापासून तिनं घरात एकदाही घाण केली नाही. तेवढ्यात सासरे अंगणात शिरले. काठी हातात होती, चालण्यापुरतीच. कुत्रीनं काठी बघितली, पोट वर करून आडवी झाली आणि तिथंच धार सोडली. भाऊ म्हणाला, "दाजी, ही घाण न्हाय. ही तुमाला भ्यालीय."

सासऱ्यांना काय झालं कुणास ठाऊक. पाव्हण्यांसमोर अपमान झाला म्हणून असेल. त्यांनी काठी उगारली. आत्या बाजेवरून उठल्या, डाव्या हातानं ती काठी हिसकावली आणि नवऱ्याच्या खांद्यावर मारली. जोरात. पुन्हा उगारली. सासऱ्यांनी दोन्ही हात तोंडापुढं धरले आणि डोळे मिटून घेतले. तेवढा उंचापुरा माणूस, अंगानं निम्मा झाला.

"हात खाली करा," आत्या म्हणाल्या. "न्हाय मारत म्या आता. पन काठी घरात यायची न्हाय. येनार आसंल तर मी यायची न्हाय."

सासरे बाजेच्या टोकाला बसले. मग म्हणाले, "पानी द्या."

ते त्या दिवशी एकटेच परतले, खांदा चोळत. आत्या महिन्यानं आल्या, कुत्रीला घेऊन. तोवर काठी गोठ्याच्या आढ्याला खोवलेली होती. सकाळी उठल्या उठल्या आणि खाऊन झालं की लगेच मी कुत्रीला बाहेर काढायची. तिची भाकरी दिवाणाजवळच घालायची, कारण जिथं खायचं तिथं ती घाण करत नाही, हे आत्यांनी तामलवाडीत पाहिलं होतं. सासऱ्यांना आत्यांनी बजावलं, बैठकीत येताना मोठ्यानं बोलायचं नाही, तिच्यावर वाकायचं नाही, तिच्याकडं टक लावून बघायचं नाही. सुरुवातीला एकदोनदा जमिनीवर झालं. कुणी ओरडलं नाही. मी राख टाकली, टिपून घेतलं, शिरक्याच्या पाण्यानं पुसलं. मग तेही थांबलं.

सासरे बदलले असं मी म्हणणार नाही. पुढं सोसायटीच्या बैठकीत त्यांनी एका सभासदाच्या थोबाडीत मारली आणि चेअरमनकी गेली. घरात मात्र त्यांचा हात परत कुणावर उठला नाही. आत्यांना ते शेवटपर्यंत थोडे बिचकून असायचे, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

एका संध्याकाळी ते दिवाणावर बसून सुपारी कातरत होते. कुत्री लंगडत आली, त्यांचे पाय हुंगले आणि पावलांवर हनुवटी टेकवून पडली. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. हात लावला नाही, पाय हलवला नाही. ती उठून जाईपर्यंत तसेच ताठ बसून राहिले.